दोन ते आठ अंश

मला जलाल-अबादच्या हॉटेलात एक फ्रिज हवा होता. फार मोठा नको, नवा नको, त्यात दिवा लागला नाही तरी चाललं असतं. आत औषधाची पाच पेनं मावावीत आणि पारा दोनाच्या खाली व आठाच्या वर जाऊ नये, एवढीच माझी अट होती. दुसऱ्या कुणी ही मागणी केली असती तर ‘गार राहतं ना, झालं तर मग’ म्हणून तो झोपायला गेला असता. पण मी नारिनच्या वरच्या डोंगरावरचा हवामान निरीक्षक आहे. एकतीस वर्षं मी दर तीन तासांनी थर्मामीटर वाचत आलोय. ‘गार’ हा शब्द माझ्या नोंदवहीत एकदाही आलेला नाही. तिथे आकडा लागतो.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच, पण ती खरी आहे.

सहा वर्षांपूर्वी मला साखरेचा आजार जडला. तेव्हापासून जेवणाआधी त्या पेनाची सुई पोटात. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: डॉक्टर, माझी बायको अनारकान आणि शेजारी सातारकुल. सातारकुलला ठाऊक म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक, ते सोडा. खात्याला ठाऊक नव्हतं, एवढं मी जपलं होतं. कारण आमच्या खात्यात आजारी निरीक्षकाला डोंगरावरून उतरवतात, खालच्या कचेरीत फायली लावायला बसवतात आणि त्याच्या जागी एक पांढरं यंत्र उभं करतात. यंत्राबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बर्फाच्या वादळात ते आपल्यावरचा बर्फ झटकू शकत नाही. मी झटकतो.

तर जून महिन्यात खात्याचं पत्र आलं. देशभरातल्या निरीक्षकांचा मेळावा, मुक्काम तीन दिवस, आणि एकही नोंद न चुकवल्याबद्दल मला मानाचं पदक. अनारकानने ते पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि मग म्हणाली, "जुलैत? जलाल-अबादला? अहो, औषधाचं काय करणार?"

प्रश्न बरोबर होता. जुलैत तिथे पारा एक्केचाळीसवर असतो. आमच्याकडे फ्रिज लागतो तो हिवाळ्यात. ओसरीवर उणे तीस असताना अंडी गोठू नयेत म्हणून आम्ही ती फ्रिजमध्ये ठेवतो. उन्हाळ्यात वस्तू गार ठेवायच्या हा प्रश्न आमच्या गावाला फारसा पडत नाही, त्यामुळे त्यावर सल्ला द्यायला सगळ्यांनाच हुरूप आला.

समोरची काल्बुबू म्हणाली, कलिंगड पोखरा, पेनं आत घाला, वरून झाकण लावा. सातारकुल जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. तो म्हणाला, "ओला लोकरीचा नमदा गुंडाळ आणि गाडीच्या खिडकीबाहेर बांध. मी ओशला लोणी असंच नेलं होतं."

"पोचलं का लोणी?"

"तूप पोचलं," तो म्हणाला. "पण पोचलं."

शेवटी मी सरळ हॉटेलला फोन लावला. हॉटेलचं नाव ‘जांगाक’. फोनवर नुरजमाल नावाच्या बाई होत्या, स्वागतकक्ष त्यांच्याच ताब्यात.

"खोलीत फ्रिज आहे का?" मी विचारलं.

"आहे."

"चालू आहे का?"

"बाइके, तुम्ही फ्रिज आहे का असं विचारलंत," नुरजमाल शांतपणे म्हणाल्या; बाइके म्हणजे आमच्याकडे दादा. "चालू फ्रिज हवा असेल तर अर्ज लागेल. कशासाठी हवाय?"

इथे मी ‘इन्सुलिन’ म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हॉटेलचा सगळा खर्च खात्याचा, म्हणजे बाईंच्या वहीत पडलेला शब्द खात्यात जाणार. मी म्हणालो, "तापमानाला नाजूक अशी वस्तू आहे. दोन ते आठ अंश."

"मग तसं लेखी पाठवा. शिक्क्यासकट."

मी चार ओळींचं पत्र लिहिलं. सातारकुलने ते वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझ्या शिक्षणाचीच लाज वाटली. "असलं पत्र ती बाई चहाच्या किटलीखाली ठेवेल. मी तीस वर्षं नाक्यानाक्यावर कागद दाखवलेत. मला कळतं कागद कसा असतो. आण इकडे." त्याने सांगितलं आणि मी लिहिलं, हा दोष माझा. पत्रात शेवटी असं आलं: ‘नारिन पर्वतीय निरीक्षण केंद्राकडून तापमानास अत्यंत संवेदनशील, परत न मिळणारी सामग्री निरीक्षक मुकाश स्वतः घेऊन येत असून तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी आस्थापनेवर राहील.’ खाली केंद्राचा गोल शिक्का. वाचताना मलाच क्षणभर वाटलं, आपण काहीतरी मोठं घेऊन चाललोय.

नोंदवही तेवढ्या दिवसांपुरती अनारकानकडे सोपवून मी निघालो. प्रवासाबद्दल फार सांगत नाही. वाटेतल्या घाटांवर थर्मासमधला पारा पाचावर होता आणि मी आनंदात होतो. पलीकडे उतरायला लागलो तसा तो सहा, सात असा चढू लागला, आणि मी दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून बघायला लागलो. शेजारी बसलेली बाई शेवटी म्हणाली, "भाऊ, आत पिल्लू आहे का?" दुपारी हॉटेलच्या दारात उतरलो तेव्हा आत साडेसात होतं आणि बाहेर चाळीस.

नुरजमाल साठीच्या, भरदार, केस मेंदीने लाल केलेल्या. मी नाव सांगताच त्या उठून उभ्या राहिल्या. मला हे जरा जास्तच वाटलं, पण पदकाची बातमी पोचली असेल असं समजून मी मान किंचित झुकवली. त्या स्वतः मला वर घेऊन गेल्या. खोलीत काचेच्या दाराचा एक थंड पेयांचा फ्रिज उभा होता, कपाटाएवढा, आत निळा दिवा. दारावर कागद चिकटवलेला: ‘सरकारी सामग्री. हात लावू नये.’

मी आत थर्मामीटर ठेवला आणि दहा मिनिटं थांबलो. चौदा.

"हात लावून बघा, गार आहे," नुरजमाल म्हणाल्या.

"हात हे उपकरण नाही, एजे," मी म्हणालो. एजे म्हणजे ताई. वयाने त्या माझ्यापेक्षा लहानच असतील, पण किल्ल्या ज्याच्या हातात त्याला मी मानाने हाक मारतो.

मागचं बटण फिरवत फिरवत तासाभराने मी पारा सहावर आणला. पेनं आत ठेवली, दार लावलं आणि विजयी माणसाच्या चालीनं खाली चहाला गेलो. अर्ध्या तासाने परत आलो तर निळा दिवा विझलेला आणि आत बारा. खोलीची किल्ली म्हणजे खेळातल्या पत्त्यासारखा प्लास्टिकचा एक पत्ता होता. तो दाराजवळच्या खाचेत असेपर्यंतच खोलीत वीज. मी पत्ता खिशात घालून गेलो होतो आणि माझ्याबरोबर फ्रिजची वीजही चहाला आली होती.

"दुसरा पत्ता द्या," मी खाली जाऊन म्हणालो.

"एका पाहुण्याला एकच पत्ता."

"मग मी बाहेर कसा पडू?"

नुरजमालनी मनापासून विचार केला. "नका पडू," त्या म्हणाल्या.

म्हणून संध्याकाळच्या ओळखपाळखीच्या चहाला मी गेलो नाही. देशभरातले निरीक्षक खाली एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी वर एका फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्या संचालिका सायराकानबाई. उंच, सडपातळ, आवाज हळू. त्या हळू बोलायला लागल्या की आमचं सगळं खातं कान टवकारतं.

"मुकाश बाइके, तुम्ही खाली आला नाहीत. बर्फ व्यवस्थित आहे ना?"

थर्मासमध्ये पेनांभोवती मी बर्फाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. मला वाटलं, नुरजमालनी सांगितलं असेल. "व्यवस्थित आहे," मी म्हणालो. "मी दर तासाला बघतोय."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं उभं आहे," असं म्हणून त्या गेल्या. माझी छाती फुगली. बर्फाच्या दोन पिशव्यांसाठी एवढं कौतुक जरा जास्त होतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. कौतुक चालू असताना माझी बुद्धी जरा मंद चालते.

आता तीन दिवस फ्रिजसमोर बसून राहणं मला शक्य नव्हतं, म्हणून मी नुरजमालना त्यांच्या टेबलामागचा छोटा फ्रिज मागितला. त्यांनी आतलं घोड्याच्या मांसाचं सॉसेज आणि काकड्या काढून जागा करून दिली. मी थर्मामीटर घातला. उणे तीन.

"आता तर भरपूर गार आहे," त्या म्हणाल्या.

"गोठेल, एजे. गोठलं की वाया."

"बाइके," त्यांचा आवाज जरा चढला, "वरचा तुम्हाला गरम, खालचा गार. तुम्ही फ्रिज शोधताय की नवरी?"

आजूबाजूला चहा पीत उभे असलेले दोघेतिघे हसले. मी तिथून निघालो. मानहानी पचवायला मला नेहमी थोडी हवा लागते, पण बाहेर हवा अडतीस अंश होती, म्हणून मी उलट वळलो आणि स्वयंपाकघरात शिरलो.

तिथे अब्दुमालिक भेटला. हॉटेलचा आचारी, उझबेक, पन्नाशीचा, मिशा नीट कातरलेल्या. त्याच्या मागे भिंतीला एक जुना, पिवळा पडलेला फ्रिज होता आणि आत फक्त मातीच्या वाडग्यांत साय. दुसरं काही नाही. मांस नाही, भाजी नाही, कालचं उरलंसुरलं नाही.

"यात काय तापमान असतं?" मी विचारलं.

"सायीला हवं तेवढं."

"आकड्यात?"

"माझ्या बापाने तीस वर्षं साय जमवली, मी सत्तावीस वर्षं जमवतोय. शहरातली अर्धी लग्नं या सायीवर झालीत. आकडा कुणी विचारला नाही."

मी खिशातून थर्मामीटर काढला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातातली पळी खाली ठेवली. "तू माझ्या सायीची परीक्षा घेणार?"

"सायीची नाही. हवेची."

"माझ्या फ्रिजमधली हवा पण माझीच आहे."

त्याला जे वाटत होतं ते मला फार नीट कळत होतं. माझ्या केंद्रावर येऊन कुणी माझी नोंद तपासायला दुसरा थर्मामीटर लावला असता, तर मीही त्याला डोंगरावरून खाली सोडलं असतं. म्हणून जे संचालिकाबाईंना सहा वर्षं सांगितलं नव्हतं ते मी त्या आचाऱ्याला दोन मिनिटांत सांगितलं. इन्सुलिन आहे, दोन ते आठ लागतं, बिघडलं तर मी इथेच आडवा होईन, आणि खात्याला कळता कामा नये.

अब्दुमालिकने हात पुसले. "हे आधी सांगायचं. लाव तुझी काडी."

दहा मिनिटं आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत उभे होतो. तो वरवर बेफिकीर होता, पण डावीकडची मिशी ओढत होता. दार उघडलं. पारा पाचावर होता. पाचाच्या रेषेवर, केसभरही इकडेतिकडे नाही.

"पाच," मी म्हणालो. "अब्दुमालिक, दोन ते आठचा मध्य पाच."

"मला काय सांगतोस," तो म्हणाला. पण तो ओठांतल्या ओठांत ‘पाच’ म्हणून पाहत होता.

अट त्याची एकच: दार मी उघडायचं नाही. वारंवार उघडलं की सायीवर पाणी सुटतं. मी वेळ सांगायची आणि तो पेन आणून देणार. दुपारची वेळ मी सांगितली एक वाजता, जेवणाआधी. त्या रात्री मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्याच सभागृहात सत्तरेक माणसं होती. तलासचे, चाटकालचे, इसिक-कुलचे, सगळीकडचे निरीक्षक कोट घालून घाम पुसत बसले होते. भाषणं लांबली. एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना माझं नाव पुकारलं, मी मंचावर गेलो आणि सायराकानबाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"पदक देण्याआधी एक सांगते. मुकाश बाइकेंनी नारिनहून, घाट ओलांडून, हिमनदीतला जुना बर्फ आणलाय. काल रात्री सगळे चहा घेत होते तेव्हा हा माणूस एकटा त्याच्यावर पहारा देत होता. तो नमुना आता आपण पाहू."

टाळ्या झाल्या. सातारकुलचं पत्र, दारावरचा कागद, खांद्यावरचा हात, सगळं एका क्षणात ओळीने लागलं. हॉटेलने पत्र खात्याकडे पाठवलं होतं. डोंगरावरून शिक्क्यानिशी येणारी, परत न मिळणारी गार वस्तू म्हणजे दुसरं काय असणार, असं खात्यातल्या कुणी ठरवलं होतं. मी ध्वनिक्षेपक घेतला. ‘वितळला’ म्हणालो असतो तर सुटलो असतो. मी तोंड उघडलंही होतं. पण सत्तर माणसं समोर, सगळी थर्मामीटर वाचणारी, आणि माझ्या हातून खोटी नोंद जाईना. खरीही जाईना.

तेव्हा बाजूचं दार उघडलं आणि अब्दुमालिक आत आला. पांढरा स्वच्छ अंगरखा, डोक्यावर टोपी, हातात तबक, तबकात नक्षीच्या रुमालावर माझं पेन. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता. तो संथ पावलांनी मंचापर्यंत आला. सगळे उभे राहून माना लांब करायला लागले.

"बाइके, तुमची सुई," तो म्हणाला. आचाऱ्याचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "पुलाव तयार आहे. आधी टोचून घ्या, मग वाढतो."

सायराकानबाईंनी तबकात वाकून पाहिलं.

"हा बर्फ नाही," त्या म्हणाल्या.

"नाही बाई. हे इन्सुलिन आहे. माझं."

"किती वर्षं?"

"सहा."

"सहा वर्षांत नोंदींत खंड?"

"एकही नाही."

"मग लपवलंत कशाला?"

"तुम्ही मला खाली फायली लावायला बसवाल म्हणून."

त्यांनी पदक हातात घेतलं. मग हळू आवाजात, म्हणजे अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "मुकाश बाइके, मी तुमचं अक्षर एकतीस वर्षं सहन करतेय. तुम्हाला फायली लावायला बसवलं तर त्या वाचणार कोण? तुम्ही आपले डोंगरावरच बरे." सभागृह हसलं. मीही हसलो, जरा उशिरा, कारण डोळे पुसायचे होते. कोटाचं बटण सोडून, शर्ट वर करून, मंचावरच, सगळ्यांसमोर सुई टोचून घेतली. मग बाईंनी पदक लावलं. ते थोडं तिरकं लागलं, पण मी सरळ उभा होतो.

टाळ्या थांबल्यावर तलासचा म्हातारा निरीक्षक ओरोझबाय उठला. आम्हा सगळ्यांत थोरला. मला वाटलं अभिनंदन करेल.

"हे ठेवलं होतं कुठे?" त्याने विचारलं.

"माझ्या सायीच्या फ्रिजमध्ये," अब्दुमालिक म्हणाला.

"तापमान?"

"पाच," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"स्थिर?"

"काल संध्याकाळपासून याने दार उघडलं की मी वाचलं, तीनदा," मी म्हणालो. "तिन्ही वेळा पाच."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाहेर एक्केचाळीस, जुना फ्रिज, आणि स्थिर पाच. हिमनदीच्या बर्फाने कदाचित एवढी खळबळ झाली नसती. ओरोझबायने आतल्या खिशातून स्वतःचा थर्मामीटर काढला. मग चाटकालच्या बाईंनी पर्समधून काढला. पाहता पाहता स्वयंपाकघराच्या दाराशी रांग लागली. अब्दुमालिक फ्रिजसमोर हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, एकेकाने आत यायचं, दार एवढंच उघडायचं, आणि सायीवर श्वास सोडायचा नाही. पुलाव निवत होता. कुणी विचारलंही नाही. नुरजमाल टाचा उंचावून रांगेच्या मागून बघत होत्या.

सगळ्यांना पाच मिळाले. एकट्या ओरोझबायला साडेपाच मिळाले. त्याच्या काडीत फरक आहे की फ्रिजच्या दारात, यावर पुढे जेवणभर वाद झाला आणि तो आजही मिटलेला नाही.

शेवटी सायराकानबाई आल्या. चष्मा लावला, वाकल्या, वाचलं. "पाच."

"लिहून द्या," अब्दुमालिक म्हणाला.

बाईंनी खात्याचा छापील नोंदकागद मागवला, तिथेच कणकेच्या ओट्यावर ठेवून भरला आणि शिक्का मारला. तो कागद आज त्या फ्रिजच्या वर, काचेच्या चौकटीत आहे. अब्दुमालिक येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आणि सांगतो की सत्तावीस वर्षं त्याला हे ठाऊकच होतं. सांगू दे. माझं पदक अनारकानने पुसून पुसून गुळगुळीत केलंय, पण खरं सांगायचं तर मला त्याच्यापेक्षा त्या कागदाचं अप्रूप जास्त आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात, ‘प्रथम निरीक्षण कोणी केले’ या रकान्यापुढे, सायराकानबाईंच्या सुवाच्य अक्षरात माझं नाव आहे.